प्रश्न तुमचे : गोपींचे केस, लाहोरची शाहझिया आणि कोर्टावरचा मनू

मागच्या अंकात मी शाहझिया सिकंदरचं नाव जाता जाता घेतलं होतं, "लाहोरात मिनिएचर शिकून न्यूयॉर्कात बसलेली चित्रकार, पूर्व-पश्चिम एकत्र करणारी", एवढंच. त्या एका ओळीवर तुमचे इतके मेल आलेत की कॅनव्हास कुठला घ्यावा, फ्रेम कुठे करावी वगैरे बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, राग मानू नका. आज फक्त तिच्याबद्दल.

"पूर्व-पश्चिम एकत्र म्हणजे फ्युजनच ना हो, पिझ्झा-डोसा टाइप? हल्ली कोणीही उठतो आणि बुद्धाच्या डोक्यावर हेडफोन लावतो. हिच्यात विशेष काय?" — एक वाचक, नाशिक

हेडफोनवाल्या बुद्धाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तो एकदाचा बंद व्हायला पाहिजे. पण शाहझियाचं प्रकरण वेगळं आहे.

आधी बेसिक माहिती. जन्म १९६९, लाहोर. तिथल्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये बशीर अहमद यांच्याकडे मिनिएचर म्हणजे लघुचित्र शिकली, मग अमेरिकेत ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधून १९९५ ला मास्टर्स, नंतर दोन वर्षं ह्यूस्टन, मग न्यूयॉर्क. २००६ ची मॅकआर्थर फेलोशिप, २०२२ चं जपानचं फुकुओका पारितोषिक, २०२४ ला व्हेनिस बिएनालेच्या (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) वेळी तिकडच्या एका जुन्या पालाझोत, म्हणजे वाड्यात, मोठं प्रदर्शन, असा सगळा बायोडाटा आहे.

आता तुमचा मुद्दा. फ्युजन म्हटलं की आपण गृहीत धरतो की एका डब्यात शुद्ध पूर्व, दुसऱ्या डब्यात शुद्ध पश्चिम, आणि कोणीतरी ते आज पहिल्यांदा ढवळलं. मुघल लघुचित्र कधीच तसं शुद्ध नव्हतं हो. १५८० मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात पोचले, सोबत अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल, त्यात युरोपियन एनग्रेव्हिंग्ज, म्हणजे पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं. दरबारच्या चित्रकारांनी ती चित्रं अक्षरशः पिऊन टाकली. १६०० च्या सुमारास अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने जर्मन ड्यूररच्या चित्रातल्या संत जॉनची अशी नक्कल केलीये की बघत राहावं, आणि हाच पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झाला. बिचित्रच्या प्रसिद्ध चित्रात जहांगीर वाळूच्या घड्याळावर बसलाय, समोर सूफी शेख, खाली कोपऱ्यात इंग्लंडचा राजा जेम्स, आणि वर उडणारी गुबगुबीत युरोपियन पंखवाली बाळं! तिकडे हॉलंडमध्ये रेम्ब्रांट म्हातारपणाकडे झुकलेला असताना मुघल चित्रांवरून रेखाटनं करत बसला होता, तीही आशियातून आलेल्या कागदावर. म्हणजे देवाणघेवाण चारशे वर्षं जुनी आहे, त्यामुळे शाहझियाच्या चित्रात पूर्व किती टक्के आणि पश्चिम किती टक्के हे मोजण्यात काही राम नाही. जुन्या चित्रात जे कडेला होतं त्यातलं तिने उचललं काय आणि ते ठेवलं कुठे, ते बघायचं. पुढच्या उत्तरांत ते येईलच.

"लघुचित्र म्हणजे नुसतं छोट्या साइझचं चित्र का? आणि ते करतात कसं, जरा डिटेलमध्ये सांगा." — पुणे

साइझ हा एक भाग, खरी गंमत पद्धतीत. आधी कागद बनवायचा, बाजारातून आणायचा नाही. दोन-चार पातळ कागद एकावर एक लईने चिकटवायचे, लईत थोडं मोरचूद टाकायचं म्हणजे कसर लागत नाही, वजनाखाली सुकवायचं आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोट घोट घोटायचं, हात दुखून येईपर्यंत, तेव्हा कुठे तो चकचकीत होतो. याला वसली म्हणतात. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा, तो पिसाच्या नळीत बसवलेला, टोकाला जेमतेम केसभर. रंग दगडाचे, मातीचे, वनस्पतीचे, डिंकात घोटून शिंपल्यात कालवलेले. जमिनीवर मांडी घालून बसायचं, फळी गुडघ्यावर, आणि श्वास आवरून रेघ मारायची.

शेडिंगला परदाख्त म्हणतात. पातळ रंगाच्या बारीक बारीक रेघा आणि ठिपके एकावर एक, इतके की शेवटी रेघ दिसतच नाही, गालावर नुसती छाया उतरल्यासारखी वाटते. तळहाताएवढ्या चेहऱ्याला आठवडे जातात. शाहझिया तर वसलीला चहाचा वॉशही देते. हो, आपला प्यायचा चहा, त्याने कागदाला जुनाट पिवळट रंग येतो.

"मी आर्ट कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात मिनिएचर म्हणजे कॉपीकाम, टुरिस्टला विकायचा माल. मग या बाईंनी त्यात नवीन केलं काय?" — कोल्हापूर

अरे, लाहोरच्या कॉलेजात ऐंशीच्या दशकात अगदी हेच म्हणायचे! जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीचा काळ, चित्रकलेतली हुशार मुलं ऑइल अन अ‍ॅब्स्ट्रॅक्टकडे पळायची, मिनिएचरचा वर्ग म्हणजे कारागिरी, नॉस्टॅल्जिया, भेटवस्तूंच्या दुकानाचा माल. बशीर अहमद जुन्या उस्तादांकडे शिकलेले, शिस्तीचे कडक. त्यांच्याकडे जाऊन बसणं हीच तेव्हा बंडखोरी होती, आणि तुझ्या ग्रुपला सांग की हा मार्ग त्या वेळी कोणालाच करिअर वाटत नव्हता.

तिचं डिग्रीचं काम होतं 'द स्क्रोल', १९८९-९०. उंची साडेतेरा इंच आणि लांबी जवळजवळ चौसष्ट इंच. लघुचित्र एवढं लांब कोणी करत नाही, ते एका पानात मावलं पाहिजे हा नियमच. आणि विषय काय, तर राजा नाही, शिकार नाही, कृष्ण नाही, एक साधं राहतं घर. खोल्या, जिने, गॅलऱ्या, अंगण, सगळ्या फरशा इराणी सफवी चित्रांसारख्या उभ्या केलेल्या, म्हणजे आपण वरून पण बघतोय आणि समोरून पण. त्या घरातून पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी फिरते. प्रत्येक खोलीत आहे, पण कुठेच स्थिर नाही, आरपार दिसते की काय इतकी हलकी, आणि चेहरा कुठेच नीट दिसू देत नाही. घरातले बाकीचे लोक आपापल्या कामात. अगदी शेवटी ती पाठमोरी उभी, समोर ईझल, आणि ईझलवर ती काढतेय पांढऱ्या कपड्यातल्या मुलीचंच चित्र. जुन्या लघुचित्रात बायका असायच्या, ढिगाने असायच्या, पण वाट बघणाऱ्या, पंखा ढाळणाऱ्या, आंघोळ करणाऱ्या. इथे ती चित्र काढणारी झाली. वापरलेलं टेक्निक मात्र शंभर टक्के उस्तादांचं, एक रेघ इकडची तिकडे नाही. तुझ्या मित्रांना हेच दाखव. आधी हात बसला, मग नियम मोडला. (उलटं करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, नावं घेत नाही.)

दुसरं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. राजस्थानी आणि पहाडी चित्रांत गोपी असतात ना, घोळक्याने, सगळ्यांचे केस सारखे, वर अंबाडा बांधलेला, काळाभोर. शाहझियाने गोपींच्या डोक्यावरचे ते केस सुटे केले. फक्त केसांचा आकार, खाली बाई नाहीच! आता तो एकटा आकार बघितलास तर पक्षी वाटतो, कधी वटवाघूळ, कधी नुसता शाईचा डाग. वर्षानुवर्षं हा आकार ती वापरतेय. २००३ च्या 'स्पिन' (इंग्रजीत SpiNN) नावाच्या अ‍ॅनिमेशनमध्ये मुघल दरबाराचा हॉल आहे, जिथे बादशहा आणि सरदार बसायचे, आणि तिथे हळूहळू गोपी भरायला लागतात, एक, दहा, शेकडो, मग त्यांची शरीरं विरून जातात आणि राहतात नुसते केस, आणि ते केस काळ्या पाखरांच्या थव्यासारखे अख्ख्या हॉलभर उठतात, दरबार झाकून टाकतात. साडेसहा मिनिटांचं आहे. हाताने काढलेल्या चित्रांचंच अ‍ॅनिमेशन, आणि नावात सीएनएनला चिमटा आहे, इराक युद्धाचं वर्ष होतं ते.

तर 'नवीन काय'चं उत्तर हे. कृष्णाच्या चित्रातला जो भाग कोणी कधी वेगळा बघितलाच नाही तो तिने मधोमध आणला. यात पाश्चात्त्य काय म्हणशील तर अ‍ॅनिमेशन, इन्स्टॉलेशन, भिंतभर ट्रेसिंग पेपर लटकवणं, स्वतःबद्दल बोलायची मुभा, हे तिला अमेरिकेतल्या आर्ट स्कूलने दिलं. पण अमेरिकेने दिलं म्हणून ती बिनतक्रार झाली असं नाही, तिकडच्या लोकांनी तिच्यावर 'मुस्लिम स्त्री' असं लेबल चिकटवलं की ती हमखास काहीतरी उलटं काढते. १९९७ चं 'फ्लेशी वेपन्स' बघ: दुर्गेसारखे अनेक हात, हातात शस्त्रं, आणि चेहऱ्यावर पांढरा बुरखा. दोन्हीकडच्या कट्टर लोकांना एकाच वेळी अस्वस्थ करणारी चित्रं मी तरी फारशी बघितलेली नाहीत.

"२०२३ ला मॅनहॅटनमध्ये मॅडिसन स्क्वेअरजवळ एका कोर्टाच्या गच्चीवर सोनेरी बाईचा पुतळा पाहिला, शिंगं होती, हातांऐवजी मुळं. हिचाच का? मुलं घाबरली हो." — न्यू जर्सी

हिचाच. नाव 'नाऊ', आठ फूट, कमळातून वर आलेली. ती शिंगं म्हणजे केसांच्या वेण्या आहेत, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळवलेल्या. हा आकार २००१ च्या तिच्या 'प्लेझर पिलर्स' या छोट्याशा लघुचित्रात आधीच आलाय. तिथे मधोमध तिचा स्वतःचा चेहरा तशाच शिंगांचा, आणि खाली दोन स्त्रियांची धडं, एक रोमन व्हीनसच्या वळणाची, दुसरी आपल्या देवळातल्या सुरसुंदरीच्या वळणाची. 'नाऊ'च्या गळ्यात लेसची कॉलर आहे, ती अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग घालायच्या त्याची आठवण. मुळं म्हणजे जाईल तिथे आपली मुळं सोबत नेणारी बाई, स्थलांतर केलेल्या तुम्हा मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

पण त्या गच्चीवर शेजारी कोण कोण आहे ते बघितलंत का? मोझेस, कन्फ्यूशिअस, झरतुष्ट्र, आणि आपला मनू! खरंच, न्यूयॉर्कच्या त्या अपील कोर्टावर शंभरेक वर्षांपासून मनूचा पुतळा उभा आहे. कायदे करणारे म्हणून सगळे पुरुष. मुहम्मद पैगंबरांचाही पुतळा होता, तो १९५५ मध्ये पाकिस्तानसह काही देशांनी विनंती केल्यावर उतरवला. या सगळ्या पुरुषांच्या रांगेत पहिली बाई आली ती शाहझियाची, तीही काही महिन्यांपुरती. मनूशेजारी स्वतंत्र बाई उभी केलेली बघून मला जो काही आनंद झालाय तो इथे लिहीत नाही, संपादक कापतील.

त्याच वेळी खाली बागेत दुसरी होती, 'विटनेस', अठरा फूट, पोलादी घेरदार घागऱ्यात मोझॅइक. ती २०२४ ला ह्यूस्टनच्या विद्यापीठात नेली. तिथे गर्भपातविरोधी गटांनी सैतानी मूर्ती म्हणून बोंब मारली, विद्यापीठाने उद्घाटनाचा कार्यक्रम रद्द केला, आणि जुलैमध्ये चक्रीवादळाच्या रात्री वीज गेलेली असताना कोणीतरी हातोड्याने तिचं डोकं उडवलं. शाहझियाचं म्हणणं, दुरुस्त करू नका, तशीच बिनडोक्याची राहू दे, लोकांना दिसू दे. मला हा निर्णय पुतळ्यापेक्षाही जास्त पटला. खरं सांगायचं तर मोठे पुतळे हा तिचा सर्वात ताकदीचा भाग नव्हे असं माझं मत आहे, जी धार नऊ इंची वसलीवर येते ती अठरा फुटांत थोडी बोथट होते.

तुम्ही जर्सीतच आहात तर प्रिन्स्टन विद्यापीठात तिचं काचेच्या मोझॅइकचं ६६ फुटी काम आहे ते बघून या. मुलं घाबरणार नाहीत, गॅरंटी.

"पाकिस्तानी चित्रकर्तीवर पानंच्या पानं कशाला? आपल्या मातीतले कलावंत संपले का? हिचा आपल्याशी संबंध काय?" — सोलापूर

काका, पत्र चांगलं कडक आहे, उत्तरही तसंच देते.

तुमच्या सोलापूरपासून विजापूर किती लांब, तर शंभर किलोमीटर. त्या विजापुरात दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारी नुसरती नावाचा कवी होता, त्याने १६५७ मध्ये दखनीत 'गुलशन-ए-इश्क' लिहिलं, मनोहर राजपुत्र आणि मधुमालतीची प्रेमकथा. १६५७ म्हणजे अफझलखान प्रतापगडाखाली येण्याच्या दोन वर्षं आधी. याच नुसरतीच्या 'अलीनामा'त शिवाजी महाराजांविरुद्धच्या मोहिमांची वर्णनं आहेत. तर त्या 'गुलशन-ए-इश्क'ची १७४३ ची एक सचित्र दख्खनी पोथी फिरत फिरत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये पोचली, आणि २०१६ मध्ये त्या म्युझियमने शाहझियाला सांगितलं की हिच्यावर काहीतरी कर. तिने 'डिसरप्शन अ‍ॅज रॅप्चर' नावाचं अ‍ॅनिमेशन केलं. पोथीतली पानं वितळतात, घोडे सुटतात, आकाश फाटतं, संगीत चिनी वंशाच्या डू युन यांचं आणि त्यात गातोय पाकिस्तानी गायक अली सेठी. विजापूरची गोष्ट, हिंदू नायक-नायिका, मुसलमान कवी, लाहोरची चित्रकर्ती, चिनी संगीतकार, अमेरिकन म्युझियम. यातलं 'आपलं' कुठे संपतं ते तुम्हीच सांगा, मला तरी रेघ मारता येत नाही.

अजून एक. ती ज्या कॉलेजात शिकली ते पूर्वी मेयो स्कूल, आणि त्याचा पहिला प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग हा मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून १८७५ ला तिकडे गेला, तोपर्यंत दहा वर्षं तो जेजेत शिल्पकला शिकवत होता. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची फुले मंडई, तिच्या दारावरची शेतकरी अन हमालांची उठावशिल्पं त्याचीच. पुढच्या वेळी खरेदीला गेलात की मान वर करून बघा, खाली गर्दीत धक्के खाताना कोणी बघत नाही.

"आमच्या गोव्याच्या गायतोंड्यांना विसरलात काय? झेन आणि मॉडर्न आर्ट, ते पण पूर्व-पश्चिमच ना?" — फोंडा

विसरेन कशी! वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण जेजेत. सुरुवातीची कामं बघा, बसोली (पहाडी शैलीतलीच एक) आणि जैन लघुचित्रांची सपाट तेजस्वी रंगसंगती आणि शेजारी युरोपातला आधुनिक चित्रकार पॉल क्ले याची छाप. मग १९६४ ला रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्क, झेनची ओढ, रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, परत चढवायचा. २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइमने त्यांचं मोठं प्रदर्शन केलं, ते जाऊन तेरा वर्षं झाल्यावर.

पण दोघांची तुलना नको. गायतोंडे गोष्ट काढून टाकत गेले, माणूस नाही, झाड नाही, शेवटी प्रकाश आणि रंग. शाहझिया गोष्टीत गोष्ट घुसवत जाते, एका पानात दहा जणी, त्यांच्यावर ट्रेसिंग पेपर, त्यावर अजून रेघा. गायतोंड्यांवर एक अख्खा अंक काढायचा विचार आहे, तुमच्याकडे जुने कॅटलॉग असतील तर संपादकांना कळवा.

"मुलगी दहावीला आहे, हे सगळं वाचून मिनिएचर शिकायचं म्हणते. कुठे पाठवू? आणि प्रत्यक्ष बघायला मिळेल का कुठे?" — ठाणे

शिकायचं तर जयपूर, उदयपूर, नाथद्वारा इथे अजून परंपरेने काम करणारे उस्ताद आहेत, सुट्टीत काही दिवस जाऊन बसू देतात, आधी बोलून घ्या. पण ताई, आत्ता तिला नुसतं बारीक ब्रशने सरळ रेघ मारायची प्रॅक्टिस करू दे, रोज अर्धा तास. कंटाळली नाही तर समजा मुलगी टिकणार.

बघायला मात्र लांब जायला नको. मुंबईत फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचा सुंदर संग्रह आहे, अकबराच्या चित्रशाळेतल्या 'अन्वार-ए-सुहैली' पोथीची चित्रंही त्यांच्याकडेच. मुघल, दख्खनी, पहाडी असं सगळं एका फेरीत बघून होतं. मुलीला एक काम द्या: मधला राजा सोडायचा, आणि कोपऱ्यातली दासी, तिच्या हातातलं तबक, समासातली हरणं, मागच्या खिडकीतला माणूस, यातलं जे आवडेल ते वहीत उतरवायचं. दालनात दिवे मंद असतात, तेव्हा छोटं भिंग जवळ ठेवा, आणि शनिवार-रविवारी शाळांच्या सहली नसतील अशा वेळी सकाळी सकाळी गाठा.